आधी दवाखाना, मग चौकशी

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुलं पत्र

सन्माननीय प्राचार्य,


तुमच्या महाविद्यालयात दारू पिणारे विद्यार्थी आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे, रेक्टरना ठाऊक आहे, रात्रपाळीच्या वॉचमनला तर कोण कुठल्या मजल्यावर ‘बसतं’ हेही ठाऊक आहे. पण कार्यालयातल्या एकाही फायलीत त्याची नोंद नाही. शिस्तपालन समितीच्या इतिवृत्तात ‘वसतिगृहाच्या नियमांचा भंग’ एवढेच शब्द सापडतात. ज्याची नोंदच नाही, त्यावर उपायही होत नाही, म्हणून हे पत्र.

मी रसायनशास्त्र शिकवत असे आणि बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. नोकरीत असताना या विषयावर मी वरिष्ठांना पत्रं लिहिली. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. आता निवृत्त आहे, म्हणून तुम्हा सर्वांना एकदमच लिहिते आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. मुलांनी प्यायला हरकत नाही असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात दारू पिण्याचं कायदेशीर वय २५ आहे, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. म्हणजे तुमच्या पदवीच्या वर्गात बसलेल्या जवळजवळ कुणालाच दारू पिण्याची कायद्यानं मुभा नाही. वय बसत असलं तरी पिण्यासाठी परवाना लागतो. परमिट रूममध्ये पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना तरी फाडावा लागतो, हे तर बहुतेक मुलांना माहीतही नसतं. मी अनेकींना आणि अनेकांना विचारलं आहे. वयाचा पुरावा मागणारा वेटर त्यांच्यापैकी एकालाही कधी भेटला नव्हता. आणि अकरावी-बारावीच्या किंवा प्रथम वर्षाच्या सतरा वर्षांच्या मुलाला कुणी दारू दिली, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणारा म्हणजे फक्त बारमालक नव्हे. खोलीवर बाटली घेऊन येणारा तिसऱ्या वर्षाचा ‘दादा’सुद्धा त्यात येतो. प्रवेशाच्या दिवशी हे कुठल्या महाविद्यालयात सांगितलं जातं?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलानं पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बारावीचा निकाल साजरा करायला तो मित्रांबरोबर दोन ठिकाणी बसला होता आणि दोन्ही ठिकाणी त्याला दारू मिळाली होती. पुढे काय काय झालं, जामिनाची अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध, ससून रुग्णालयात बदललेले रक्ताचे नमुने, हे सगळं आपण वाचलं. काही आठवडे बारवर छापे पडले, बेकायदा पबवर हातोडा चालला. त्या दिवसांत मी ज्या ज्या प्राध्यापकांशी बोलले, त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकलं : ती बड्या बापांची पोरं, आपली मुलं तशी नाहीत.

माझी पहिली तक्रार या वाक्याबद्दल आहे. आपल्या मुलांकडे पोर्श नसते हे खरं. त्यांच्याकडे मित्राची दुचाकी असते, कॉट बेसिसवर घेतलेली खोली असते, चौघांनी काँट्री काढून आणलेली बाटली असते. सबमिशन संपलं म्हणून, कुणी पास झालं म्हणून, कुणाचं ब्रेकअप झालं म्हणून ती उघडली जाते. त्यातून जे घडतं त्याची बातमी आली, तर ती ‘दुचाकी घसरून’, ‘गच्चीवरून तोल जाऊन’, ‘धरणात पोहताना’ अशी येते. दारूचा उल्लेख कुटुंबाला नको असतो, तुम्हाला नको असतो, पोलिसांनाही फारसा नको असतो. महाविद्यालयाचं नाव, प्रवेशाचे आकडे, नॅकची भेट, ही कारणं मला कळतात. मी त्याच व्यवस्थेत काम केलं आहे. पण त्या काळजीपोटी आपण मुलांना एकच धडा दिला आहे : काही झालं तरी महाविद्यालयाला कळता कामा नये. माझ्या मते तुमच्या आवारातली सर्वांत धोकादायक गोष्ट हाच धडा आहे, आणि असं का म्हणते ते सांगण्यासाठी एक रात्र सांगावी लागेल.

स्नेहसंमेलनाची रात्र होती. पावणेदोनच्या सुमारास वसतिगृहाच्या मावशींनी माझं दार वाजवलं. “मॅडम, अठ्ठावीस नंबरमधनं वास येतोय, आन् पोरी दार उघडंनात.” बऱ्याच हाकांनंतर दार उघडलं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी कॉटवर उताणी पडलेली, अंगावरचे कपडे ओलेचिंब. तिला आधी नळाखाली धरलं होतं. फेब्रुवारीतली थंडी आणि वर पंखा पूर्ण वेगात. टेबलावर पिळलेल्या लिंबाच्या फोडी, मेसमधून आणलेली दह्याची वाटी, न प्यायलेली काळी कॉफी. ती घोरत होती. तिच्या दोन मैत्रिणींना त्याच घोरण्याचा आधार वाटत होता : घोरतेय म्हणजे झोपलीय. मला बघितल्यावर त्यांच्या तोंडून निघालेले पहिले शब्द होते, “मॅडम, प्लीज, घरी कळवू नका.”

मी काही बोलण्याआधी मावशी पुढे झाल्या. उशी काढली, मुलीला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडून टेकवला, तोंड खाली कललं आहे ना ते पाहिलं. दोन मिनिटांत तिला उलटी झाली. उताणी असती, तर ती उलटी श्वासनलिकेत गेली असती. “असं उताणं नाय ठेवायचं,” मावशी म्हणाल्या. “माझ्या घरात हेच करत आले मी.” त्या खोलीत पदवीच्या तीन विद्यार्थिनी होत्या आणि एक प्राध्यापिका होती, पण काय करायचं हे ठाऊक होतं ते दारुड्या नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बाईला.

१०८ ला फोन केला. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायली, किती, किती वाजता? मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. डॉक्टर अनुभवी असावेत. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि मी बाहेर गेल्यावर मुली बोलल्या. पैजेखातर तिनं जवळजवळ एक क्वार्टर अर्ध्या तासात संपवली होती, रिकाम्या पोटी. त्या साडेदहापासून खोलीत होत्या. मधल्या तीन तासांत त्यांनी मोबाइलवर दारू उतरवायचे उपाय शोधले, एका सीनियरला फोन केला, आळीपाळीनं रडून घेतलं. माझं दार त्याच मजल्यावर होतं.

मुलगी वाचली. तिच्या रक्तातली साखर खूप खाली आली होती. वेळेवर सलाइन लागलं. आठवड्यानं शिस्तपालन समिती बसली आणि तिघींनाही वसतिगृहातून काढण्यात आलं. जिनं दारू प्यायली तिला प्यायल्याबद्दल, आणि उरलेल्या दोघींना ‘माहिती दडवल्याबद्दल’. त्या दोघींपैकी एक दारूला शिवलीही नव्हती. मैत्रिणीला सोडून जायचं नाही म्हणून ती खोलीत बसून होती. तिच्या वडिलांनी तिला गावी नेलं आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं. बैठकीत मी विरोध नोंदवला. “शिस्तीचा प्रश्न आहे, मॅडम,” असं उत्तर मिळालं. त्यानंतर माझ्या कारकिर्दीत एकाही मुलीनं अशा कारणासाठी माझं दार वाजवलं नाही, आणि वार्षिक अहवालात त्याची नोंद ‘असे प्रकार पूर्ण थांबले’ अशी झाली.

त्या तीन तासांत शरीरात काय होत असतं ते रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून सांगते, कारण तुमच्या सूचनाफलकावर ते कधीच नसतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणून ‘फक्त बिअरच घेतली’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल हाताळतं. लिंबू, दही, कॉफी, गार पाणी, यातल्या कशानंही तो वेग वाढत नाही. ५० किलो वजनाच्या मुलीनं रिकाम्या पोटी घाईनं एक क्वार्टर घेतली, तर तिच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाऊ शकतं. वाहन चालवण्यासाठी आपल्या कायद्यानं घातलेली मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. शिवाय शेवटचा घोट घेऊन झाल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच राहते. मित्रमैत्रिणी दिवा घालवून ‘झोपू दे तिला’ म्हणतात, त्यानंतरही प्रमाण चढत असतं. झोप लागली असं जे वाटतं ती पुष्कळदा बेशुद्धीची सुरुवात असते आणि ते घोरणं म्हणजे श्वासाचा मार्ग अडत असल्याची खूण असू शकते.

हलवून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, मिनिटाला आठाहून कमी श्वास चालत असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, अंग गार पडलं असेल, फिट आली असेल, बेशुद्धीतच उलटी होत असेल, तर यातली एकच खूणसुद्धा १०८ ला फोन करायला पुरेशी आहे. सगळ्या दिसेपर्यंत थांबायचं नाही. गाडी येईपर्यंत कुशीवर ठेवायचं, उबदार ठेवायचं, एकटं सोडायचं नाही, मुद्दाम उलटी करवायची नाही. एवढी माहिती एका पानावर मावते. ते पान वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावा आणि आवाराबाहेर खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर पाठवा. कारण तुमचे निम्म्याहून जास्त विद्यार्थी वसतिगृहात नसतीलच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना यासाठी एक दुपार द्या. जवळच्या रुग्णालयातला डॉक्टर बोलावून कुशीवर वळवायचं प्रात्यक्षिक करून घ्या.

पण पान लावून भागणार नाही. फोन केला तर आपलं वर्ष जाईल ही भीती आहे, तोवर ते पान कुणी वापरणार नाही. म्हणून माझी मुख्य मागणी ही : जो विद्यार्थी स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी वैद्यकीय मदत मागेल, त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर, दारू प्यायल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे महाविद्यालयानं लेखी जाहीर करावं. आधी दवाखाना, मग विचारपूस, मग समुपदेशन. वसतिगृहातून काढणं या वाटेवर येता कामा नये.

यावर मी ऐकलेला आक्षेप ठरलेला आहे : म्हणजे मुलांना मोकळीकच दिली की! अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं २००२ साली नेमका असा नियम केला. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले आणि पिण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. लांबचं उदाहरण नको असेल तर आपलाच कायदा बघा. अपघातातल्या जखमीला उचलून नेणारा माणूस पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीनं मागे हटू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४अ हे कलम घातलं गेलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी संसदेनं जे केलं, तेच आपल्या विद्यार्थ्यासाठी तुमची व्यवस्थापन समिती करू शकते. त्याला सरकारी परिपत्रकाची वाट बघायला नको.

शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही. शिक्षा कुणाला होते आणि कुणाला होत नाही, एवढंच तपासून बघा. बेशुद्ध पडलेली मुलगी सापडते आणि तिच्याजवळ बसलेली मैत्रीण सापडते. तिला पैजेवर चढवणारा, सतरा वर्षांच्या मुलासाठी बाटली आणणारा, पिऊन गाडी चालवणारा, नशेत असलेल्या मुलीचा गैरफायदा घेणारा, यांच्यापर्यंत समिती पोचत नाही. कठोर व्हायचं असेल तर इथे व्हा. फ्रेशर्स पार्टीनंतर जी खरी ‘पार्टी’ सीनियर्सच्या खोलीवर होते, तिथे नव्या मुलाला “एक घोट घे, नाहीतर तू आपला नाहीस” असं सांगितलं जातं. हे रॅगिंग आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात दारू प्यायलेल्या सीनियर्सच्या मारहाणीत प्रथम वर्षाचा विद्यार्थी मरण पावला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम आले. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर १९९९ पासून आहे. दरवर्षी मुलांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेता, त्याबरोबर ‘दारूचा आग्रह करणं हे रॅगिंग आहे’ असं एक वाक्य त्यांना समोर बसवून ऐकवा. घरापासून पहिल्यांदा दूर आलेल्या मुलाचे सुरुवातीचे पाच-सहा आठवडे सर्वांत नाजूक असतात. दोस्ती जमलेली नसते, ‘नाही’ म्हणायचं बळ नसतं. तुमचे मार्गदर्शनाचे कार्यक्रम मात्र दिवाळीनंतर होतात.

वसतिगृहाच्या फाटकाबद्दलही बोललं पाहिजे, विशेषतः मुलींच्या. साडेनऊला कुलूप लागतं आणि नंतर आलेल्या मुलीचं नाव घरी कळवलं जातं. ज्या मुलीनं दोन घोट घेतले आहेत ती दहा वाजता त्या फाटकावर येत नाही. ती कुणाच्या तरी फ्लॅटवर राहते, ज्याला तिनं एरवी निवडलंही नसतं. कुलूप सुरक्षिततेसाठी आहे असं आपण पालकांना सांगतो आणि ज्या रात्री सुरक्षित जागेची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच रात्री ते तिला बाहेर ठेवतं. वेळ पाळायला लावा, पण कितीही उशीर झाला, कुठल्याही अवस्थेत आली, तरी दार उघडेल हे तिला ठाऊक असू द्या. मुलानं प्यायली की ‘वयच आहे’ आणि मुलीनं प्यायली की ‘चारित्र्य’, ही भाषा निदान शिक्षकांच्या खोलीतून तरी जावी. दारूनं मुलींच्या शरीराचं नुकसान लवकर होतं, कारण त्यांच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं. मुलींना वेगळं काही सांगायचंच असेल तर हे शास्त्र सांगा.

पालकांना कळवायचं की नाही, हा अवघड प्रश्न आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत कळवावंच लागेल. मोठ्यांच्याही बाबतीत जिवावर बेतलं असेल तर घरच्यांना कळलं पाहिजे. पण रात्री दोन वाजता “तुमच्या मुलीनं काय केलंय ते येऊन बघा” असा फोन जाणं आणि “ती दवाखान्यात आहे, सुरक्षित आहे, मी तिच्याजवळ आहे” असा फोन जाणं, या फरकानं एखाद्या मुलीचं शिक्षण थांबू शकतं किंवा वाचू शकतं. दुसऱ्या दिवशी पालकांशी बोलताना समुपदेशक सोबत असावा. तुमच्याकडे समुपदेशक आहे असं संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. तो आठवड्यातून किती तास येतो आणि त्याच्या खोलीचं दार प्राचार्यांच्या दालनासमोरच उघडतं का, हे एकदा स्वतः जाऊन बघा. तो मिळत नसेल तेव्हासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापा.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना एक वेगळी विनंती. ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ म्हणून बस गोव्याला जाते. कारखाना एका दुपारी बघून होतो, मुक्काम तीन रात्रींचा असतो. गोव्यातही २१ वर्षांखालच्यांना दारू विकायला बंदी आहे, आणि त्या बसमधली बरीच मुलं विशीच्या आतली असतात. सोबतचे शिक्षक रात्रीच्या जेवणानंतर आपापल्या खोलीत जातात आणि मुलं बाटल्या घेऊन किनाऱ्यावर. पिऊन रात्री समुद्रात उतरणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही. सहल तुमच्या सहीनं जाते. रात्रीची जबाबदारीही त्या सहीत येते, असं सोबत जाणाऱ्या शिक्षकांना लेखी कळवा, किंवा पुण्या-नाशिकातले, कोल्हापुरातले कारखाने दाखवा. तिथे बघण्यासारखं खूप आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्यसनमुक्ती सप्ताह होतो. रांगोळी, पथनाट्य, कवटीचं चित्र असलेली पोस्टर, सामूहिक शपथ. मुलं मनापासून भाग घेतात, मी बघितलं आहे. पण वीस वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या वर्षी सडणाऱ्या यकृताची भीती वाटत नाही, आणि ‘सगळेच पितात’ हा जो त्याचा समज असतो त्याला त्या पोस्टरमधून उत्तर मिळत नाही. ते उत्तर आपल्याकडे आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या पुरुषांमध्ये दारू घेणारे २७.३ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये १.६ टक्के. म्हणजे न घेणारेच बहुसंख्य आहेत. जो मुलगा मनातून नको म्हणत असतो आणि आपण एकटेच आहोत म्हणून ग्लास उचलतो, त्याला हा आकडा कळायला हवा. शपथेऐवजी मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाला बोलवा, मुलांना त्याला प्रश्न विचारू द्या. आणि संध्याकाळी सहानंतर मुलांनी जायचं कुठे, याचा विचार करा. वाचनालय आठला बंद, मैदानावर दिवे नाहीत, कँटीन पाचलाच आवरलेलं. मग उरते कुणाची तरी खोली.

विक्रेत्यांबद्दल थोडक्यात. महाविद्यालयाच्या परिसरातलं कुठलं वाइन शॉप गणवेशातल्या मुलालाही बाटली देतं, कुठल्या परमिट रूमला वर्गच्या वर्ग भरतो, हे विद्यार्थी तुम्हाला सांगतील. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना तुमच्या लेटरहेडवर, तारीख-वेळेसह तक्रार करा आणि तिचा पाठपुरावा करा. एका पालकाच्या अर्जाला नाही, तेवढं वजन प्राचार्यांच्या पत्राला असतं. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचे कर वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित असल्याचं सांगण्यात आलं. दारू महागली की तरुणांचं पिणं काहीसं कमी होतं, हा जगभरचा अनुभव आहे, म्हणून त्या वाढीला माझा विरोध नाही. पण त्या पैशातला काही भाग महाविद्यालयांतल्या समुपदेशनाला आणि प्रथमोपचाराला मिळावा, अशी मागणी तुमच्या प्राचार्य संघटनेनं केल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. ती करा.

यातल्या बऱ्याच गोष्टींना वेळ लागेल, पैसा लागेल, हे मी जाणते. एका गोष्टीला काहीच लागत नाही. पुढच्या वर्षाचं माहितीपुस्तक छापायला जाण्याआधी त्यात हा परिच्छेद घाला :

“महाविद्यालयात आणि वसतिगृहात मद्यपानाला मनाई आहे. तरीही तुमची किंवा तुमच्या सोबत्याची प्रकृती दारूमुळे बिघडली, तर लगेच १०८ ला आणि रेक्टरना फोन करा. मदत मागणाऱ्यावर, किंवा जिच्यासाठी वा ज्याच्यासाठी मदत मागितली त्या व्यक्तीवर, मद्यपानाच्या कारणावरून कोणतीही शिस्तभंगाची कारवाई केली जाणार नाही.”

खाली तुमची सही असू द्या आणि रात्री लागणारा रेक्टरचा क्रमांक. आणि पहिल्यांदा तो फोन वाजेल तेव्हा दिलेला शब्द पाळा. एकदा मोडलात, तर पुढची कित्येक वर्षं कुणी फोन करणार नाही.



आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका आणि माजी रेक्टर
पुणे